पहिल्या फ्लूची आठवण

२००९ च्या ऑगस्टमधले पुणे ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळे काही सांगायला नको. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथे झाला. गेली ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. बघता बघता शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले आणि लोक नाकाला हातरुमाल बांधून फिरू लागले. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या.

त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला कसकस आली. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणाला खिळलो, तिसऱ्या दिवशी पत्नी. मुलाच्या आणि माझ्या घशाच्या नमुन्यात नवा विषाणू सापडला. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. तिने बहिणीकडे जाऊन राहावे म्हणून मी अक्षरशः हात जोडले. "तुम्ही तिघं आडवे, आणि मी जाऊ कुठे?" एवढेच ती म्हणाली. आठ दिवस ती नातवाच्या उशाशी बसून कपाळावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, आम्हाला पेज भरवत होती. त्याचा खोकला थेट तिच्या तोंडावर येत होता. तिला साधी शिंकही आली नाही.

मी त्याचे श्रेय जुन्या हाडाला देऊन मोकळा झालो. पण आमचे डॉक्टर सहज बोलून गेले, की या साथीत म्हातारी माणसे कमी दिसताहेत. फ्लू म्हणजे म्हाताऱ्यांचा काळ, असेच आजवर ऐकलेले. मग हा उलटा न्याय कसा?

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. शिक्षण बी.कॉम. जीवशास्त्राशी संबंध आला तो महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांची प्रुफे तपासताना. चूक शोधायची तर वाक्य कळले पाहिजे, या हट्टापायी वाचत गेलो आणि त्याचे वेड लागले. २००९ नंतरची तीन-चार वर्षे मी फ्लूवर जे हाती लागेल ते वाचले. त्यातून आईच्या न आलेल्या शिंकेचे जे उत्तर मिळाले, ते इथे मांडतो आहे. त्या उत्तराचा निम्मा भाग मी तिला सांगितलाच नाही. त्याची किंमत काय पडली, तेही ओघात येईल.

आधी विषाणूचे बघू. फ्लूचा 'ए' गटाचा विषाणू मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा असतो. बाहेरून मेदाचे पातळ आवरण, तेही आपल्याच पेशीकडून पळवलेले. त्यावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे काटे: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. एच१एन१, एच३एन२ या नावांतले एच आणि एन ते हेच. आत आरएनएचे आठ सुटे तुकडे. सगळा मजकूर साडेतेरा हजार अक्षरांचा. माणसाच्या मजकुराची अक्षरे तीनशे कोटींच्या पुढे आहेत. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर हे आठ फर्म्यांचे, न शिवलेले पुस्तक आहे. हे 'न शिवलेले' लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

या विषाणूला स्वतःचा छापखाना नाही. तो आपल्या श्वसनमार्गाच्या पेशींत असतो आणि तिथपर्यंत पोचणे ही पहिली अडचण. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल. हिमॅग्लुटिनिन त्याला चिकटते. पण नाकाघशातल्या शेंबडातही तेच आम्ल भरपूर असते. विषाणू पेशी समजून त्यालाच चिकटतो आणि आपण तो शिंकरून टाकतो किंवा गिळून टाकतो. ज्याला आपण घाण म्हणतो ते शरीराने पसरलेले जाळे आहे. न्यूरामिनिडेज ही विषाणूकडची कात्री. ती सियालिक आम्ल कापत जाते आणि विषाणू जाळ्यातून वाट काढतो.

पेशीला चिकटल्यावर पेशीच त्याला आत ओढते. पेशीपटलाची एक छोटी पिशवी होते आणि विषाणू तिच्यात बंद होऊन आत जातो. आत गेलेल्या अशा पिशवीतला द्राव पेशी आम्लधर्मी करत नेते. हा तिचा नेहमीचा कारभार आहे. विषाणू नेमकी याचीच वाट बघत असतो. आम्लता वाढताच हिमॅग्लुटिनिन घडी उलगडल्यासारखे आकार बदलते, पिशवीच्या भिंतीत रुतते आणि विषाणूचे आवरण त्या भिंतीशी एकजीव होते. दरम्यान एम२ नावाच्या बारीक नळीतून आम्ल विषाणूच्याही पोटात शिरते आणि आतले आठ तुकडे सुटे होतात. ज्या आम्लाने त्याचा निकाल लागायचा, तेच त्याची किल्ली ठरते.

सुटे झालेले तुकडे पेशीच्या केंद्रकात जातात. आरएनएचे बहुतेक विषाणू केंद्रकाच्या वाटेला जात नाहीत. फ्लू जातो, कारण त्याला तिथे चोरी करायची असते. आपल्या पेशीतला प्रत्येक संदेशवाहक आरएनए डोक्यावर एक रासायनिक टोपी घेऊन निघतो. टोपी नसेल तर रायबोसोम, म्हणजे प्रथिने बनवणारे यंत्र, त्याला दारात उभे करत नाही. फ्लूचे विकर आपल्या संदेशाची टोपी पकडते, तिच्याखालची दहा-तेरा अक्षरे सोडून मान कापते आणि तो तुकडा स्वतःच्या संदेशाला जोडते. मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे. हा टोपी काढून घेऊन फसवतो. २०१८ मध्ये जपानात मान्यता मिळालेले बॅलोक्झाविर हे औषध याच चोरट्याचा हात धरते.

आता रायबोसोम विषाणूची प्रथिने बनवू लागतात आणि केंद्रकात त्या आठ तुकड्यांच्या प्रती निघू लागतात. सहा ते आठ तासांत नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर फुगून येतात. बाहेर पडताना ते पेशीवरच्या त्याच सियालिक आम्लाला चिकटून राहतात आणि कात्री पुन्हा कामाला येते. २००९ मध्ये आम्ही घेतलेले टॅमिफ्लू या कात्रीची धार बोथट करते. म्हणूनच ते पहिल्या दोन दिवसांत घेतले तर अधिक उपयोगी. छपाई उरकल्यावर दार लावून काय होणार?

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करतात तेव्हा मागोमाग तपासणी होते आणि चुका दुरुस्त होतात. फ्लूच्या छापखान्यात मुद्रितशोधक नाही. सरासरीने दर नव्या पुस्तकात एखादी चूक राहते. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक, ती पुस्तके रद्दीत जातात. पण एका पेशीतून हजारोंनी प्रती निघत असतील, तर काही चुका विषाणूच्या पथ्यावर पडणारच. विशेषतः हिमॅग्लुटिनिनच्या माथ्यावरच्या, कारण शरीर त्याला ओळखते ते मुख्यतः त्या माथ्यावरून. आयुष्यभर चुका शोधून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेले. इथे चुकांवरच सगळा संसार उभा आहे.

दुसरा बदल दुर्मिळ, पण मोठा. एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू शिरले तर बाइंडरच्या टेबलावर दोन पुस्तकांचे न शिवलेले फर्मे एकत्र पडावेत तसे होते. आठ तुकडे दोन्हींकडून कसेही उचलले जाऊ शकतात. गणिताने २५६ जोड्या. २००९ चा विषाणू डुकरांमध्ये अशाच सरमिसळीतून तयार झाला होता.

शरीर मात्र हे नुसते बघत बसत नाही. १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर सोडला. ते पटल असे काही द्रव्य सोडत होते, की त्यात ठेवलेल्या दुसऱ्या, ताज्या पटलावर जिवंत विषाणूचीही वाढ होईना. त्या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिले. आज आपल्याला माहीत आहे, की पेशीत विषाणूच्या आरएनएचे टोक पकडणारे पहारेकरी असतात. ते टोक हाती लागले की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन आपली दारे लावून घेतात. एका घरी चोर शिरल्यावर आळीत हाळी द्यावी तसे. फ्लूकडे याच्यावरही उतारा आहे: एनएस१ नावाचे त्याचे प्रथिन ती हाळी दाबून टाकते. पहिले दोन दिवस हीच झटापट चालते.

ताप, ठणकणारे अंग, नकोसे झालेले अन्न हे बहुतांशी विषाणूने केलेले नसते. तो सहसा श्वसनमार्ग सोडत नाही. मांडीचा स्नायू दुखायला तो मांडीत गेलेलाच नसतो. रक्तात उतरलेले इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखे इतर निरोपे हे सगळे घडवतात. मेंदूतल्या तापनियंत्रक केंद्राला ते पारा वर न्यायला सांगतात. आम्ही तिघे कण्हत होतो ते आमच्याच फौजेच्या धावपळीने. ही फौज कधी बेभान होते आणि फुप्फुसे पाण्याने भरतात, हेही खरे. १९१८ मध्ये असे बरेच घडले, जिवाणूंच्या न्यूमोनियाने त्यात भर घातली.

दरम्यान काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. तिथे लक्षावधी टी आणि बी पेशी असतात, प्रत्येकीची ओळखण्याची चीज वेगळी. ज्यांची चीज जुळते त्या वाढू लागतात. याला वेळ लागतो. मारक टी पेशी पाच-सहा दिवसांनी फुप्फुसांत पोचतात आणि विषाणू छापत बसलेल्या पेशी यंत्रासकट नष्ट करतात. बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, ती हिमॅग्लुटिनिनच्या माथ्याला चिकटून त्याला पेशीशी जुळूच देत नाहीत. आजार सरल्यावर यातल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या मागे राहतात, काही जन्मभर. हीच आठवण.

आता आईच्या शिंकेकडे येऊ. टॉमस फ्रान्सिस हे अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ, पोलिओच्या लशीची मोठी चाचणी घेणारे. वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे रक्त तपासताना त्यांच्या ध्यानात आले, की माणूस आयुष्यात कितीही फ्लूंना भेटो, त्याच्या रक्तात सर्वांत ठळक प्रतिपिंडे असतात ती लहानपणी भेटलेल्या फ्लूविरुद्धची. नवा फ्लू आला की जुन्या आठवणीच्या पेशी आधी उठतात आणि जे ओळखीचे वाटते त्यावर तुटून पडतात; अगदी नव्या भागासाठी नव्या पेशी घडवण्याचे काम मागे पडते. १९६० मध्ये त्यांनी याला 'आद्य पाप' या ख्रिस्ती कल्पनेवरून नाव दिले. हल्ली संशोधक त्याला ठसा म्हणतात. मला हा शब्द अधिक आवडतो, आणि पाप तर त्यात नेहमी नसतेच.

१९१८ ची साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली. जूनमध्ये ती मुंबईत उतरली, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने भयंकर रूप घेतले. हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढे जातात. आईच्या आजोळी एका महिन्यात तीन माणसे गेल्याचे ती सांगते. त्याच शरद ऋतूत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोएन नावाचे पशुवैद्य सांगत होते, की डुकरांनाही हाच आजार झाला आहे. मांसाच्या व्यापाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. पण १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतला तो विषाणू वेगळा केला. १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसातला केला. शोप यांना पुढे दिसले, की मोठ्या माणसांचे रक्त डुकरांतल्या विषाणूला निष्प्रभ करते, १९१८ नंतर जन्मलेल्या लहान मुलांचे सहसा करत नाही. म्हणजे मानमोडीचा वंश डुकरांत जाऊन राहिला होता.

माणसांतही त्या वंशाची एक शाखा, एच१एन१, १९५७ पर्यंत फिरत राहिली. माणसे वर्षानुवर्षे आठवण बाळगतात, त्यामुळे तिला सतत वेष पालटावा लागला. माथ्यावर तिने साखरेचे बुरखे चढवले. डुकराचे आयुष्य सहा-आठ महिन्यांचे, कळप सतत नवा. तिथे वेष बदलण्याची निकड कमी. म्हणून २००९ मध्ये डुकरांतून जो एच१ माणसांत परतला, त्याचा माथा १९१८ च्या माथ्याशी बराच जुळत होता, बुरख्यांशिवाय.

२००८ मध्ये, म्हणजे साथीच्या आदल्या वर्षी, ९१ ते १०१ वर्षे वयाच्या ३२ माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही सगळी मानमोडीच्या वेळी लहान होती. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती, आणि काहींच्या रक्तात ती बनवणाऱ्या बी पेशी अजून फिरत होत्या. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तपासणीत १९५० पूर्वी जन्मलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांत नव्या विषाणूविरुद्ध चांगल्या प्रमाणात प्रतिपिंडे मिळाली. १९८० नंतर जन्मलेल्यांत ती जेमतेम ४ टक्क्यांत होती.

आईचा जन्म १९३६ चा. तिच्या बालपणी 'ए' गटातला जो फ्लू फिरत होता तो एच१एन१, मानमोडीचाच नातेवाईक. तिच्या रक्ताची तपासणी कुणी केली नाही आणि एका घराच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. तरी हे सगळे वाचल्यावर मी इतका हरखलो, की तिला बसवून सविस्तर सांगितले. तिला ते फार आवडले. "माझ्या अंगात मानमोडीचं औषध आहे," असे ती शेजारणींना सांगू लागली. पुढे मी दरवर्षी फ्लूच्या लशीचा विषय काढला की तिचे उत्तर ठरलेले: "मला नाही होत फ्लू. तूच म्हणालास ना?" मी हसून सोडून देत असे. खरे सांगायचे तर माझे म्हणणे कुणीतरी इतके मनावर घेतल्याचे मला बरेच वाटत होते.

न सांगितलेला भाग असा. ठसा एका घराण्याचा असतो. १९६८ मध्ये हाँगकाँगहून एच३एन२ जगभर पसरला. त्याचे हिमॅग्लुटिनिन वेगळ्या घराण्याचे. माझा जन्म १९६९ चा आणि १९७७ मध्ये एच१एन१ परतेपर्यंत 'ए' गटातला तो एकटाच माणसांत होता. म्हणजे माझी पहिली ओळख जवळजवळ नक्कीच त्याच्याशी झाली. आई त्याला भेटली ती बत्तिशी उलटल्यावर, दुसऱ्याच आठवणीचा ठसा उठलेला असताना. २०१६ मध्ये पक्ष्यांकडून आलेल्या फ्लूच्या रुग्णांचे जन्मवर्षाप्रमाणे विश्लेषण झाले. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांना एच५एन१ पासून संरक्षण दिसले, नंतरच्यांना एच७एन९ पासून. लहानपणच्या घराण्याचा भाऊबंद असेल तर शरीर तयार, नाहीतर नवखे.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशात एच३एन२ ची लाट आली. मला दोन दिवस सर्दी झाली, बस. त्या सर्दीतच मी आईजवळ बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. अकरा दिवस ती रुग्णालयात होती, त्यातले सहा प्राणवायूवर. अहवालात एच३एन२ होता. सत्याऐंशीव्या वर्षी नव्या पेशी घडवण्याची ताकदही उणावलेली असते, त्यामुळे सगळा दोष ठशावर टाकता येत नाही. लस घेतली असती तरी या जातीविरुद्ध वृद्धांत ती कमी पडते, हेही मला माहीत आहे. पण तिने ती न घेण्याचे कारण माझे अर्धे सांगणे होते. घरी आल्यापासून ती काठीशिवाय चालत नाही. रोज एकटी देवळात जायची, ते थांबले.

बरी झाल्यावर मी तिला उरलेले सगळे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस? मी काय नाही म्हणाले असते?" तिचे तेव्हाचे 'नाही' मी तिला आठवून दिले नाही.

आता आम्ही लस मे महिन्यात घेतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यापूर्वी घेतात म्हणून आपल्याकडेही अनेकजण दिवाळीच्या सुमारास घेतात. पण पुण्या-मुंबईत फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि लशीने आलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरत जातात. तेव्हा पावसाआधी घेतलेली बरी. काश्मीरमध्ये हिवाळ्याचा हिशोब लागू होतो, आपल्याकडे नाही. लशीत कोणत्या जाती घालायच्या याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा घेते, कारण विषाणूच्या छापखान्यातल्या चुकांशी शर्यत लावावी लागते. लशीत एच१एन१ आणि एच३एन२ दोन्ही असतात, शिवाय 'बी' गटातलाही.

२००९ मध्ये तापाने फणफणलेला माझा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. त्याची मुलगी यंदा मेमध्ये सात महिन्यांची होती. सहा महिन्यांनंतर ही लस देता येते; पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. तिला अजून कोणताच फ्लू झालेला नव्हता. पहिली ओळख आजाराऐवजी लशीतून झाली, तीही एकाच वेळी दोन्ही घराण्यांशी, तर ठसा कसा उठतो, याचा मागोवा घेण्यासाठी काही संशोधक जन्मापासून मुलांच्या रक्ताचे नमुने जमवत आहेत. पणजी आणि पणती यांना आम्ही एकाच दिवशी दवाखान्यात नेले. पोरीने आकांत मांडला. आईने बाही वर केली, परिचारिकेला आपले जन्मवर्ष सांगितले आणि विचारले, "यात एच३ आहे ना? एक ओळखते मी, त्याची गरज नाही."